दंवबिंदूचा संकर व कास्तकाराची नोंदवही

ज्या वनस्पतीपासून घरांत दाणा येत नाहीं, गोठ्यांत वैरण येत नाहीं व गांठीस पैसा लागत नाहीं, तिच्या पायीं शेतकऱ्यानें वेळ दवडूं नये, असें मत आपल्या कास्तकार मंडळींत सर्वत्र रूढ आहे. हें मत सर्वस्वी खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याच्या डोक्यावर पेरणी, खुरपणी व कर्जाचा हप्ता हीं एकाच वेळीं येऊन उभीं राहतात, त्यास फुलांचा शौक सुचणें कठीणच. तथापि एक वनस्पति अशी आहे कीं, ती देत कांहीं नसली तरी शिकविते पुष्कळ. आणि जें शिकविते त्याची उणीव आज आपल्या वर्गास फार महाग पडत आहे. ती वनस्पति म्हणजे दंवबिंदु, व ती विद्या म्हणजे हातानें परागण करून संकर करण्याची. प्रत्येक जाणत्या शेतकऱ्यानें आपल्या पडवींत दंवबिंदूच्या दोनचार कुंड्या ठेवून ही विद्या स्वतःच्या हातानें एकदां तरी करून पाहावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. त्याचीं कारणें पुढें देत आहों.

दंवबिंदु आपल्या मुलखास परका नाहीं. सह्याद्रीच्या माथ्यावर व कोंकणांतील कातळी सड्यांवर, पावसाळ्यांत जेथें बोटभर मातीवरून पाणी झिरपत असतें, तेथें हीं रोपटीं आपोआप उगवतात. साताऱ्याजवळच्या कासच्या पठाराचा समावेश २०१२ सालीं पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादींत झाला. त्या पठारावर याच्या दोन जाति पाहावयास मिळतात. एक जमिनीस चिकटून रुपयाएवढें चक्र करणारी. तिला शास्त्रांत ड्रोसेरा बर्मानी म्हणतात. दुसरी उभी वाढणारी, गवताच्या पात्यासारख्या अरुंद पानांची. ती गवती दंवबिंदु, म्हणजे ड्रोसेरा इंडिका. दोहोंच्याही पानांवर बारीक केंस असून प्रत्येक केंसाच्या टोंकास चिकट रसाचा एक थेंब असतो. पाहणारास तो पहाटेचें दंव वाटतो, परंतु ऊन चढलें तरी तो वाळत नाहीं. चिलट किंवा मुंगी त्यावर बसली कीं अडकते. मग आसपासचे केंस तिजवर वाकतात, पानांतून पाचक रस सुटतो, आणि कांहीं दिवसांनीं किड्याचें नुसतें टरफल उरतें.

या रोपट्यानें असा मांसाहार कां पत्करिला, याचें उत्तर शेतकऱ्यास चटकन् पटेल. कातळावरील धुपलेल्या मातींत नत्र नाहीं. इतर झाडें जें मुळांनीं घेतात, तें हें पानांनीं मिळवितें. चार्लस डार्विन यानें १८७५ सालीं कीटकभक्षक वनस्पतींवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा मोठा भाग दंवबिंदूच्या एका विलायती जातीस दिलेला आहे. त्याचा पुत्र फ्रान्सिस याचे प्रयोग १८७८ सालीं छापले गेले. त्यानें कांहीं रोपांच्या पानांवर मांसाचे बारीक कण ठेविले व कांहीं रोपें उपाशी ठेविलीं. खाऊं घातलेल्या रोपांस फुलांचे दांडे अधिक आले, आणि त्यांच्या बीजाचें एकंदर वजन उपाशी रोपांच्या तिपटीहून अधिक भरलें. खताची मात्रा पानावर दिली तरी फळ बीजांत दिसतें, हें त्या काळीं त्यानें मोजून दाखविलें.

आतां संकर शिकण्यास हीच वनस्पति कां घ्यावी ? कापसाच्या किंवा भेंडीच्या शेतांत ही विद्या शिकतां येते. परंतु तेथें एक हंगाम चुकला कीं वर्ष गेलें, शिवाय चुकीची किंमत पिकांतून वळती होते. दंवबिंदूस वीतभर कुंडी पुरते. दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतांतील ड्रोसेरा कॅपेन्सिस नांवाची जाति आपल्याकडे हौशी रोपविक्रेत्यांपाशीं मिळते; आरंभ करणारानें तीच घ्यावी, कारण ती बारमाही आहे व चुका सोसते. तिच्या फूटभर उंच दांड्यावर ओळीनें वीस-पंचवीस कळ्या लागतात, आणि त्यांतील बहुधा एकच फूल रोज उमलतें. सकाळीं उघडलेलें फूल दुपारनंतर मिटतें तें कायमचें. म्हणजे एका दांड्यावर तीन आठवडे रोज सकाळीं नवा धडा तयार असतो. आज हात हालला, तर उद्यां दुसरें फूल आहेच. बीं महिना-दीड महिन्यांत पिकतें, आणि त्या बीजापासून झालेलीं रोपें साधारणतः वर्षभरांत स्वतः फुलूं लागतात. मुलांना शाळेंतील इयत्ता संपण्याच्या आंत एक पिढी पुरी झालेली पाहावयास मिळते; आंब्याच्या झाडावर हा धडा घ्यावयाचा तर अर्धें आयुष्य जावें लागेल.

जोपासनेचे नियम थोडे आहेत, पण ते आपल्या नेहमींच्या संवयीच्या अगदीं उलट असल्यामुळें नीट ध्यानांत घ्यावे. खत घालूं नये. शेणखत नको, राख नको, युरियाचा तर दाणाही नको. विहिरीचें किंवा कूपनलिकेचें जड पाणी घालूं नये. त्यांतील क्षारांनीं रोप मरतें. पावसाचें पाणी पागोळीखालीं स्वच्छ भांड्यांत धरून ठेवावें. तें संपल्यास बॅटरीसाठीं विकतात तें ऊर्ध्वपातित पाणी चालतें. माती म्हणून पीट, म्हणजे दलदलींतील शेवाळाचा कुजका थर, व त्यांत स्वच्छ धुतलेली वाळू मिसळावी. कुंडी पाण्याच्या बशींत उभी करावी, सकाळचें कोंवळें ऊन द्यावें, आणि चैत्र-वैशाखांत दुपारची सावली करावी. किडे तें रोप स्वतः धरील; त्यास भात किंवा दूध भरवूं नये.

आतां मुख्य कृतीकडे वळूं. या फुलास पांच पाकळ्या व पांच पुंकेसर असतात. मध्यें बीजकोशावर तीन स्त्रीकेसर असून प्रत्येक तळापासून दुभंगलेला असल्यामुळें ते सहा दिसतात. पुंकेसरांच्या टोंकांवरील पिवळ्या थैल्यांत पराग असतो. त्याचे कण चार-चार एकत्र चिकटलेले असतात. फूल दुपारीं मिटूं लागलें कीं पाकळ्या आंत दाबल्या जातात व परागाच्या थैल्या स्त्रीकेसरांच्या टोंकांवर टेंकतात. माशी आली नाहीं, वारा आला नाहीं, तरी फूल आपल्याच परागानें फळतें. आभाळ भरून आलें असेल तर कळी उघडतही नाहीं, आंतल्या आंत सर्व उरकून घेते. याचा अर्थ असा कीं, आपण दुसरा पराग नुसता आणून लाविला आणि बीं धरलें, तर तें संकराचें बीं आहे असें म्हणतां येत नाहीं. घरचाच पराग आधीं पोहोंचलेला असण्याचा संभव मोठा. बीं धरणें ही संकराची साक्ष नव्हे, हा पहिला धडा. आणि तो जितक्या स्वच्छपणें येथें दिसतो तितका इतरत्र क्वचितच दिसत असेल.

म्हणून मादी म्हणून धरलेल्या फुलाचे पुंकेसर थैल्या फुटण्यापूर्वीं काढले पाहिजेत. दांड्याचें टोंक विंचवाच्या नांगीसारखें वळलेलें असतें. बांकाच्या अलीकडे झालेलीं फुलें असतात, पलीकडे पुढच्या कळ्या, आणि बांकाच्या अगदीं माथ्यावर जी कळी असते ती दुसऱ्या दिवशीं उमलावयाची. तिच्या हिरव्या दळांतून पाकळ्यांचें टोंक डोकावूं लागलें कीं खूण पटली. आदल्या सायंकाळीं किंवा अगदीं पहाटे, भिंग लावून, सुईनें कळी हलकेंच उघडावी आणि बारीक चिमट्यानें पांचही पुंकेसर एकेक करून काढावे. स्त्रीकेसरास धक्का लागूं देऊं नये. मग त्यावर पातळ कागदाची किंवा मलमलीची छोटी टोपी घालावी. सकाळीं नऊ-दहाच्या सुमारास नर म्हणून धरलेल्या रोपाचें उघडें फूल पाहून त्याचा फुटलेला पुंकेसर चिमट्यानें सबंध उचलावा व मादीच्या सहाही टोंकांवर हलक्या हातानें टेंकवावा. पुन्हां टोपी घालावी, फुलाच्या देंठास रंगीत दोरा बांधावा, आणि त्या दांड्यावरील बाकीच्या कळ्या व बीजकोश खुडून टाकावे, म्हणजे घरचें बीं व संकराचें बीं यांची सरमिसळ होणार नाहीं.

ज्यांनीं कापसाच्या किंवा भेंडीच्या बीजोत्पादनाचें काम पाहिलें आहे, त्यांस ही कृति ओळखीची वाटेल. तेथेंही दुपारनंतर उद्यांच्या कळीचे पुंकेसर काढतात व दुसऱ्या सकाळीं नराचा पराग लावितात. करटोलीच्या नरवेलीचें फूल मादीवेलीस लावणें, सीताफळाच्या फुलांत कुंचल्यानें पराग फिरविणें, हीं कामेंही त्याच घराण्यांतलीं. हिंदी महासागरांतील रेयुनियों बेटावर एडमंड अल्बियस नांवाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानें १८४१ सालीं व्हॅनिलाच्या फुलाचें हातपरागण एका काडीनें करून दाखविलें, आणि जगांतील व्हॅनिलाचा धंदा त्या युक्तीवर उभा राहिला. म्हणजे या कामास प्रयोगशाळा लागत नाहीं. नजर, सवड व स्थिर हात लागतात.

बीजकोश काळा पडून तडकूं लागला कीं बीं कागदावर झाडून घ्यावें. तें तंबाखूच्या बियांहूनही बारीक, केवळ धूळ असतें. पीटवर नुसतें शिंपडावें. मातीनें झांकूं नये, कारण त्यास उगवण्यास उजेड लागतो. पुष्कळांचें बीं उगवत नाहीं तें केवळ पुरल्यामुळें.

आतां या संकरांतून जें निघतें, त्याचा विचार करूं. येथें तीन प्रकार संभवतात, आणि ते तिन्ही शेतकऱ्यानें वेगवेगळे ओळखले पाहिजेत.

पहिला प्रकार असा कीं, रोपें आलीं पण तीं हुबेहूब आईसारखींच आलीं. अशा वेळीं संकर साधला नाहीं, घरच्याच परागानें बीं धरलें, असा संशय घ्यावा. हें पारखण्याची सोपी तोड आहे. कॅपेन्सिसमध्यें पांढऱ्या फुलांचा व बिनलाल केंसांचा एक वाण मिळतो. तो आपल्या बीजापासून तसाच येतो. त्यास आई करावें व लाल केंसांच्या, गुलाबी फुलांच्या रोपास बाप करावें. रोपांत लाली दिसली तर ती बापाकडूनच आली, यांत शंका राहत नाहीं. उलट लाल आई व पांढरा बाप घेतला, तर लाल रोप पाहून कांहींच सिद्ध होत नाहीं. आई कोणती धरावी याचा विचार परागण करण्यापूर्वींच झाला पाहिजे, हें एवढ्याशा उदाहरणावरून मुलासही कळतें.

दुसरा प्रकार, दोन निराळ्या जातींच्या संकराचा. रोप येतें, जोमानें वाढतें, फुलतें. पण बीं धरीत नाहीं. याचें कारण प्रथम ज्या वनस्पतींत स्वच्छ दिसलें तींत दंवबिंदूची गणना होते. स्वीडनमधील ओटो रोझेनबर्ग या शास्त्रज्ञानें विसाव्या शतकाच्या आरंभीं दोन युरोपीय जातींच्या नैसर्गिक संकराचा सूक्ष्मदर्शकानें अभ्यास करून १९०९ सालीं तो सविस्तर प्रसिद्ध केला. एका जातीच्या पेशींत २० रंगसूत्रें, दुसरीच्या पेशींत ४०. प्रत्येकीनें आपलीं निम्मीं दिलीं, म्हणजे १० व २०. लेंकरांत आलीं ३०. पराग तयार होतांना रंगसूत्रांस जोड्या जमवाव्या लागतात. त्या तिसांपैकीं दहा जोड्या जमल्या, आणि दहा सूत्रें एकाकी राहिलीं. जेथें वांटणीच सरळ होत नाहीं तेथें बीं कसें धरावें ? विदर्भ-मराठवाड्यांतील वाचकांस हाच हिशेब कापसांत दिसेल. देशी कापसाचीं रंगसूत्रें २६, अमेरिकन कापसाचीं ५२; दोहोंचा संकर केला तर लेंकराचीं ३९, आणि तें वांझ.

असा वांझ संकर निरुपयोगी असतो असें मात्र नाहीं. दंवबिंदूचें पान तोडून ओल्या शेवाळावर ठेविलें तर कांहीं आठवड्यांत त्याच पानावर चिमुकलीं रोपें फुटतात. बीजावांचून वंश चालतो. आपली केळीही अशीच बहुतेक बिनबियांची, मुनव्यांवर चालणारी आहे. आणि आपण तीवर पैसा मिळवितों. ऊस आपण कांड्यांनीं लावितों. पण आजच्या उसाचा पूर्वजही दोन जातींचा संकरच आहे. कोइमतूर येथें १९१२ सालीं ऊससुधारणेचें केंद्र निघालें, तेथें जाड गोड ऊस व रानटी कांस यांचा संकर करून १९१८ सालीं 'को २०५' हा वाण बाहेर आला. आजही आपल्या शेतांतील पुष्कळ उसांच्या नांवाआधीं जें 'को' लागतें, तें त्याच गांवाचें.

शिवाय निसर्ग कधीं कधीं वांझपणावर तोडही काढतो. जपानांत दंवबिंदूच्या २० व ४० रंगसूत्रांच्या दोन जातींचा संकर होऊन ३० रंगसूत्रांचें वांझ रोप होतें; परंतु त्याच संकराचीं रंगसूत्रें दुप्पट होऊन ६० झालीं, प्रत्येकास जोडीदार मिळाला, आणि बीं धरणारी टोकाएन्सिस नांवाची नवी जाति उभी राहिली. आपला गहू अशाच जुन्या संकरांतून व दुपटीकरणांतून आलेला आहे.

तिसरा प्रकार सर्वांत महत्त्वाचा. एकाच जातीच्या दोन वाणांचा संकर, जसा वर सांगितलेल्या पांढऱ्या आईचा व लाल बापाचा. याचें लेंकरूं वांझ नसतें. भरपूर बीं धरतें. तें बीं पुन्हां पेरलें तर मात्र दुसऱ्या पिढींत फूट पडते. कांहीं रोपें लाल, कांहीं पांढरीं. रंग एकाच घटकावर अवलंबून असेल, तर चारांत सुमारें एक रोप पांढरें निघावें, हा मेंडेल यानें १८६६ सालीं वाटाण्यावरून प्रसिद्ध केलेला नियम. आमच्या पाहण्यांत असे पुष्कळ शेतकरी आहेत कीं, जे संकरित ज्वारीचें किंवा कापसाचें बीं घरीं धरीत नाहींत, कारण 'तें वांझ असतें, उगवत नाहीं' अशी त्यांची समजूत आहे. ही समजूत खोटी आहे. तें उगवतें, फळतेंही. परंतु फूट पडल्यामुळें पीक एकसारखें राहत नाहीं व पहिल्या पिढीचा जोम उतरतो. वांझपण वेगळें व फूट वेगळी. ज्यास हा भेद कळला, तो पुडीवरील मजकूर निराळ्या डोळ्यांनीं वाचूं लागतो. कोणतें बीं दर वर्षीं विकत घेणें भाग आहे व कोणतें सरळ वाणाचें बीं घरीं धरतां येतें, हें त्यास दुकानदाराला विचारावें लागत नाहीं.

आमच्या प्रतिपादनाचा गाभा येथेंच आहे. जगांतील पहिला व्यापारी संकरित कापूस, 'संकर-४', सुरत येथें सी. टी. पटेल यांनीं १९७० सालीं दिला. त्याचें बीं हातानें पुंकेसर काढून व हातानें पराग लावून तयार होत असे. ते हात कोणाचे होते ? शेतकऱ्यांचे, त्यांच्या घरच्या बायकांचे व मजुरांचे. आजही जालना व बुलढाणा या जिल्ह्यांत कापसाचें, मिरचीचें, टोमॅटोचें संकरित बीं असेंच हजारो हातांनीं तयार होतें. या कामांत आपल्या स्त्रियांची बोटें इतकीं तरबेज आहेत कीं, कोणत्याही शास्त्रज्ञानें शिकावें. परंतु नर कोणता व मादी कोणती, हें पुडीवरील आंकड्याखेरीज त्यांस ठाऊक नसतें. हात आपले, आणि नोंदवही दुसऱ्याची ! ज्याची नोंदवही त्याचा वाण, हा व्यवहार आहे. त्याबद्दल कोणास दोष देण्यांत अर्थ नाहीं. आपण आपली वही उघडली नाहीं, एवढेंच खरें.

महसूल दप्तरांत ज्यानें हयात घालविली, त्यास नोंदीचें मोल सांगावें लागत नाहीं. जमीन पिढ्यान्पिढ्या कसली, पण सात-बारावर नांव नाहीं, अशा माणसाची अवस्था काय होते हें वाचकही जाणतात. वाणाचें तसेंच आहे. २००१ सालच्या वनस्पति-वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानें शेतकऱ्यास बीं राखून ठेवण्याचा, पेरण्याचा, अदलाबदलीचा, व छापील नांवाशिवाय विकण्याचा हक्क दिला आहे. आणि स्वतः निर्माण केलेला वाण आपल्या नांवें नोंदविण्याचाही हक्क दिला आहे. परंतु त्या अर्जांत वाण कशापासून व कोठें झाला हें लिहावें लागतें. चंद्रपूर जिल्ह्यांतील नांदेड या खेड्याचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनीं १९८३ सालीं आपल्या धानांत कांहीं वेगळ्या लोंब्या पाहिल्या, त्या निराळ्या काढून वर्षानुवर्षें वाढविल्या, व त्यांतून 'एचएमटी' हा नामांकित तांदूळ निघाला. तो संकर नव्हता, निवड होती. पण तिचें मूळ हेंच, कीं त्यांनीं वेगळें तें पाहिलें, वेगळें ठेविलें व वेगळें पेरलें.

ही संवय दंवबिंदूच्या कुंडीपाशीं लागते. प्रत्येक परागणाची नोंद त्याच सकाळीं करावी : दिनांक, आईचें नांव, बापाचें नांव, पुंकेसर केव्हां काढले, पराग केव्हां लाविला, दोऱ्याचा रंग, बीं केव्हां काढलें, किती रोपें उगवलीं व कशीं दिसलीं. संकराच्या नोंदींत आईचें नांव आधीं व बापाचें नंतर लिहिण्याची जगभर रीत आहे. ती मोडूं नये. फसलेल्या परागणाचीही नोंद ठेवावी. फेरफाराच्या वहींत नामंजूर नोंदीलाही क्रमांक असतोच.

यावर दोन आक्षेप संभवतात. एक असा कीं, विद्यापीठें व मोठ्या संस्था हें काम करीत असतां घरच्या कुंडींतून काय निघणार ? आमचें उत्तर असें कीं, कुंडींतून विकाऊ वाण निघावा असा हेतूच नाहीं. लिहितां-वाचतां येणारा प्रत्येक जण ग्रंथकार होत नाहीं. परंतु त्यास कोणी खोट्या कागदावर आंगठा लावून फसवूं शकत नाहीं. दुसरा आक्षेप, किडे मारणारी वनस्पति घरांत पोसणें कित्येकांच्या मनास रुचत नाहीं. त्या भावनेचा आम्ही आदर करितों. परंतु जो शेतकरी फवाऱ्यानें एका सकाळीं लाखों कीटक मारतो, त्यानें दंवबिंदूच्या चार चिलटांचा हिशेब मागूं नये.

शेवटीं दोन अटी, आणि या बाबतींत आम्ही सवलत देण्यास तयार नाहीं. पहिली, कासच्या पठारावरून किंवा कोणत्याही सड्यावरून रोप उपटून आणूं नये. वनहद्दींतून उपटणें गुन्हा आहेच. शिवाय तेथील दोन्ही जाति एका हंगामांत उगवून बीं टाकून मरणाऱ्या आहेत. बीं पडण्यापूर्वीं रोप नेलें म्हणजे पुढच्या वर्षाचें बियाणेंच नेलें, हें शेतकऱ्यास निराळें सांगावयास नको. दुसरी अट, परदेशी जाति किंवा घरीं केलेला संकर सड्यावर नेऊन लावूं नये, त्याचें बीं उधळूं नये. न्यूझीलंडांत हीच केपची जाति उपद्रवी ठरून तिच्या विक्रीस व प्रसारास बंदी झालेली आहे. कुंडींतील विद्या कुंडींतच राहावी.

यालाच जोडून कोंकणांतील व घाटमाथ्यावरील खातेदारांस एक विनंति. सात-बारावर ज्या क्षेत्रापुढें 'पोटखराबा' असें लिहिलेलें असतें, त्यांत कातळाचा सडाही येतो. त्या शब्दाचा अर्थ ती जमीन लागवडीस लायक धरलेली नाहीं, एवढाच; ती निकामी आहे असा नव्हे. आंबा-काजूसाठीं सुरुंग लावून कातळ फोडणें व बाहेरची माती आणून सडे झांकणें पुष्कळ ठिकाणीं चाललें आहे. बागाईत करूं नका असें आम्ही म्हणत नाहीं. प्रपंच सर्वांसच आहे. परंतु जेथें पावसाळ्यांत दंवबिंदु उगवतो असें दिसेल, तो दोनचार गुंठ्यांचा तुकडा तरी उघडा राहूं द्यावा. एकदां मातीखालीं गेलेला सडा पुन्हां वर येत नाहीं.

आपल्या मंडळीच्या सभासदांपैकीं ज्यांस हें पटेल त्यांनीं पुढील मृगापूर्वीं रोपविक्रेत्याकडून कॅपेन्सिसचीं दोन रोपें, एक लाल व एक पांढरें, एक भिंग, एक चिमटा व एक कोरी वही एवढें साहित्य जमवावें, आणि पावसाचें पाणी धरण्यास एक मडकें पागोळीखालीं ठेवावें. घरांतील शाळकरी मुलामुलींस व विशेषतः स्त्रियांस बरोबर घ्यावें, कारण हात त्यांचे अधिक हलके असतात. वर्ष-दीड वर्षानें त्या वहींत जें उतरेल तें या मासिकाकडे पाठवावें. किती परागणें केलीं, किती साधलीं, किती फसलीं, लाल किती व पांढरीं किती, एवढे आंकडे आले तरी पुरे. त्यांवर चर्चा करण्यास जागा देण्याची विनंति आम्ही संपादकांस अगोदरच करून ठेवितों.